जुना अभ्यासक्रम, नवा अभ्यासक्रम

(दहावी मार्च २००० च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मला इथे बोलायला उभं केलंय ते आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपने. ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी विचारतं, "काय रे, तू थंय पुण्याक करतंस तरी काय?" मी "सॉफ्टवेअर" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "मगे माझो प्रिंटर कित्याक चलना नाय?" प्रिंटरचं मला आजही कळत नाही. आई शेजारीपाजारी सांगते, "तो कंप्युटरात असतो." ते त्यातल्या त्यात बरोबर आहे. तेव्हा संयोजकांनी सांगितलं, अर्धा तास घे आणि एकदाचं सांगून टाक. सांगतो. पण ज्यांना गणिताच्या तासाला झोप यायची त्यांनी मागच्या बाकांवर बसावं. जागा त्यांच्या ओळखीच्या आहेत.

गेल्या जुलैत मी पंधरा दिवस घरी होतो. पाऊस असा, की भरडावर जायचं तरी छत्री उलटी होत होती. तेव्हा विज्ञानाच्या सरांनी बोलावलं, "आठवी-नववीच्या मुलांना काहीतरी दाखव." शाळेच्या संगणक कक्षात आता बरीच यंत्रं आहेत. आपल्या वेळी एकच होतं, मुख्याध्यापकांच्या खोलीत, प्लास्टिकच्या आच्छादनाखाली. त्याचं दर्शन घ्यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. मी ठरवलं, मुलांना कर्नल बांधून दाखवायचा.

कर्नल म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात सांगणं सोपं आहे. काजूगरातला गर, तोच हा शब्द. संगणकावर किंवा फोनवर आपल्याला जे दिसतं ते टरफल. आत जो गर असतो तो मेमरी वाटून देतो, डिस्कवर लिहितो, कोणत्या प्रोग्रामने किती वेळ चालायचं ते ठरवतो. लिनुस टॉर्वाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये असा एक गर लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. तो लिनक्स. तुमच्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या खिशात तो आत्ता आहे.

हा गर सी नावाच्या भाषेत लिहिलेला आहे, आता काही कोटी ओळी झाल्या आहेत. यंत्राला सी कळत नाही. मधे एक दुभाषा लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. लिनक्सचा जुना सोबती कंपायलर म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये लोकांसमोर आणला. हजारो फाईली एकामागून एक त्याच्या हातात द्यायच्या, त्याने त्यांचं यंत्रभाषेत रूपांतर करायचं, आणि शेवटी लिंकर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामने ते तुकडे एकत्र शिवायचे. याला आम्ही बिल्ड म्हणतो. माझ्या रोजच्या कामाचा निम्मा भाग म्हणजे हे बिल्ड का मोडलं ते शोधणं.

तर त्या दिवशी वीसेक मुलं माझ्या लॅपटॉपभोवती जमलेली. कर्नल ६.६, २०२३ मध्ये आलेला, माझ्या डिस्कवर आधीपासून उतरवून ठेवलेला. लॅपटॉपवरचा जीसीसी मात्र नवाकोरा, पंधरावा, एप्रिल २०२५ मध्ये आलेला. मी आज्ञा दिली आणि पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. मुलं खूश. लाईटही गेली नाही, हे त्या पावसात नवल. आणि मग बिल्ड थांबलं. कंपायलरचं म्हणणं थोडक्यात असं, की "फॉल्स हा राखीव शब्द आहे, तो तुम्ही यादीतल्या नावासाठी वापरू शकत नाही." त्याच्याखाली आणखी एक: "बूल या नावाचा नवा प्रकार तुम्ही ठरवू शकत नाही."

कर्नलच्या त्या फाईलला मी हात लावला नव्हता. जगभर लाखो यंत्रांवर ती चालते आहे. नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, ही चूक तुमची की मशीनची?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जी पंधरा मिनिटं लागली, तीच आज तुमच्यासमोर थोडी ताणून सांगतो आहे.

आपल्या दहावीच्या वेळचं आठवा. अभ्यासक्रम बदलला की जे आधी नापास झालेले असत त्यांच्यासाठी बोर्ड वेगळी प्रश्नपत्रिका काढायचं आणि तिच्या डोक्यावर "जुना अभ्यासक्रम" असं छापलेलं असायचं. आपला एक मित्र, नाव त्याच्या परवानगीशिवाय घेणार नाही, पण तो हसतोय हे मला इथून दिसतंय, तो गणिताला दुसऱ्यांदा बसला, तेव्हा निघताना आईने त्याला सांगितलं होतं, "पेपरार काय लिवलेला हा ता पयला वाच." समजा त्या शिक्क्याविना त्याची उत्तरपत्रिका नव्या अभ्यासक्रमाच्या परीक्षकाकडे गेली असती. उत्तरं बरोबर, परीक्षकही प्रामाणिक, आणि तरी लाल शाईने पान भरलं असतं.

सी भाषेचंही बोर्ड आहे. त्याने १९८९ मध्ये अभ्यासक्रम ठरवला, मग १९९९, २०११, २०१७ आणि आता २०२३ चा. जीसीसीवाले त्यात आपली थोडी भर घालतात, म्हणून त्यांच्या नोंदीला जीएनयू८९, जीएनयू११, जीएनयू२३ अशी नावं. कंपायलरला फाईल देताना सांगता येतं, की ही अमुक अभ्यासक्रमाप्रमाणे तपास. ती एक छोटी खूण असते, आज्ञेतला एक शब्द. आणि नाही सांगितलं तर? तर कंपायलर त्याच्या स्वतःच्या काळात जो चालू असेल तो अभ्यासक्रम धरतो. जीसीसी ४ पर्यंत तो धरायचा ८९ चा. एप्रिल २०१५ मध्ये जीसीसी ५ आला, तेव्हापासून ११ चा. २०१८ च्या जीसीसी ८ पासून १७ चा. आणि २०२५ च्या १५ पासून २३ चा. फाईल तीच, अक्षर न् अक्षर तेच, फक्त परीक्षक बदलला.

२०२३ च्या अभ्यासक्रमात बूल, ट्रू आणि फॉल्स हे तीन शब्द भाषेने स्वतःकडे राखून घेतले. याआधी ते भाषेत राखीव नव्हते, म्हणून कर्नलच्या लोकांनी फार वर्षांपूर्वी ते स्वतःच ठरवून टाकले होते: फॉल्स म्हणजे शून्य, ट्रू म्हणजे एक. वर्गाने आपसात मॉनिटर निवडलेला असावा आणि मग ऑफिसातून हुकूम यावा, की मॉनिटर आता आम्ही नेमला आहे. दोघांनी एकाच मुलाला नेमलं असलं तरी भांडण व्हायचं ते होतंच.

आता यातली गंमत बघा. कर्नल ६.६ त्या बाबतीत गाफील नव्हता. त्याच्या मुख्य मेकफाईलमध्ये, म्हणजे बिल्ड कसं करायचं ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, "जीएनयू११ प्रमाणे तपासा" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मग मोडलं का? मी मुलांना म्हटलं, चला बघू. मेक या आज्ञेपुढे "व्ही=१" लिहिलं, की ती दर फाईलसाठी कंपायलरला नेमकं काय सांगते ते पूर्ण छापते. पडदाभर लांब लांब ओळी. मुलांना काम दिलं, प्रत्येक ओळीत जीएनयू११ शोधा. सापडलं, सापडलं, सापडलं. आणि जिथे बिल्ड मोडलं त्या ओळीत नाही सापडलं. ते शोधलं त्याच मुलीने.

कारण असं, की यंत्र चालू होतानाच्या पहिल्या काही क्षणांचा जो भाग असतो, त्याचे नियम वेगळे असतात. तिथे अजून धड मेमरीची व्यवस्थाही लागलेली नसते. म्हणून त्या भागाची मेकफाईल मुख्य मेकफाईलच्या सूचना घेत नाही, स्वतःच्या सूचना नव्याने लिहिते. त्या लिहिताना अभ्यासक्रमाचा शब्द राहून गेला होता. कित्येक वर्षं कोणाला पत्ताही लागला नाही, कारण तेव्हाच्या परीक्षकांना ट्रू-फॉल्सचं काही वावडं नव्हतं. पुढे तो शब्द अशा दोन जागी घालण्यात आला आणि जुन्या आवृत्त्यांच्या नव्या उपअंकांतही पोचला. माझ्या डिस्कवरचा उपअंक त्याच्या आधीचा. आम्ही तो शब्द हाताने घातला, बिल्ड पुढे गेलं आणि घंटा व्हायच्या आत पुरं झालं.

तर त्या मुलीला मी उत्तर दिलं, की चूक माझी नाही, मशीनची नाही, लिहिणाऱ्याचीही म्हणवत नाही. एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरली होती आणि लिहायची राहिली होती. ती म्हणाली, "म्हणजे चूक आहेच ना, सर." आहेच.

आता थोडं मागे जातो, कारण हे पहिल्यांदा झालेलं नाही. २०१५ मध्ये जीसीसी ५ आला तेव्हा याहून मोठा गोंधळ झाला होता आणि तेव्हा मी त्यात गळ्यापर्यंत होतो.

जुने कर्नल जीसीसी ५ ला दिले की पहिल्याच पावलाला तक्रार यायची: "कंपायलर-जीसीसी५.एच ही फाईल नाही." तेव्हाचा कर्नल कंपायलरचा मुख्य अंक बघायचा आणि त्या अंकाची फाईल उघडायला जायचा. तीनची होती, चारची होती, पाचची नव्हती, कारण लिहिणाऱ्यांच्या वेळी पाच जन्मालाच आला नव्हता. यावर सगळीकडे एकच तोडगा सांगितला जायचा, चारच्या फाईलची नक्कल करा आणि तिला पाचचं नाव द्या. हजेरीला एकाने दुसऱ्याचा "हजर" म्हणावा तसं. बिल्ड पुढे सरकायचं. पुढे २०१५ मध्येच कर्नलवाल्यांनी या वेगळ्या फाईली मोडून एकच केली, हे शहाणपणाचं झालं.

पण पुढे सरकलेलं बिल्ड शेवटी लिंकरपाशी जाऊन आपटायचं. "या नावाच्या अनेक व्याख्या आहेत," अशा तक्रारींचा पूर. याच्या मुळाशी दोन शब्द होते, एक्सटर्न आणि इनलाइन, जोडीने वापरलेले. ८९ च्या परंपरेत जीसीसी त्यांचा अर्थ घ्यायचा: हा मजकूर जिथे लागेल तिथे वाचून वापरा, पण त्याची वेगळी प्रत काढू नका. ९९ पासून भाषेने त्याच जोडीला नेमका उलटा अर्थ दिला: इथे प्रत काढून ठेवा. आपल्या शाळेत शिपाईमामा नोटिशीची वही घेऊन वर्गावर्गात फिरायचे ते आठवतं? बाई वाचून दाखवायच्या, सही करायच्या, वही पुढे. समजा एके दिवशी नियम बदलला, की प्रत्येक वर्गाने ती नोटीस उतरवून मूळ नोटीस म्हणून ऑफिसात जमा करायची. संध्याकाळी ऑफिसात एकाच नोटिशीच्या वीस मूळ प्रती, आणि हेडक्लार्क विचारतोय यातली खरी कोणती. लिंकर तो हेडक्लार्क. एआरएम जातीच्या यंत्रांसाठीच्या कर्नलमध्ये रिटर्न-ॲड्रेस नावाचा एक क्षुल्लक तुकडा असा होता. त्याचा मजकूर शेकडो फाईलींत ओढला जायचा आणि जीसीसी ५ त्या प्रत्येकातून एक प्रत काढायचा.

लिंकरला "अनेक प्रती असल्या तरी चालवून घे" असं सांगायचीही सोय आहे. सांगितलं की तक्रारी बंद. तसं करू नका, एवढंच म्हणतो. खरा इलाज दोनच: मजकुरात दुरुस्ती करून अर्थ निःसंदिग्ध करायचा, नाहीतर वर शिक्का मारायचा, "जुना अभ्यासक्रम, जीएनयू८९". कर्नलने दुसरा इलाज सगळ्या वाड्याला लावला. डिसेंबर २०१४ मध्ये ३.१८ आला, तेव्हा मुख्य मेकफाईलमध्ये जीएनयू८९ पहिल्यांदा उघडपणे लिहिलं गेलं, जीसीसी ५ यायच्या चार महिने आधी. त्याआधी तेवीस वर्षं ते लिहायची गरज कोणाला पडली नव्हती. पुढे मे २०२२ मध्ये ५.१८ ला तो शिक्का बदलून जीएनयू११ झाला. तेही सहज नाही. यादीवरून फिरताना वापरायचा चल फेरीच्या बाहेरही जिवंत राहतो आणि त्यातून चुका होतात, हे एका संशोधकाने दाखवून दिलं. फेरीच्या आतच चल जाहीर करायची सोय ८९ च्या अभ्यासक्रमात नव्हती. टॉर्वाल्ड्सनी विचारलं, मग आपण अजून ८९ ला का चिकटून आहोत? आणि कामाला लागले.

हे सगळं कुठेतरी परदेशात चालतं असं वाटू नये म्हणून एक सांगतो. जीसीसीच्या पोटात काय चालतं हे मला ज्यांच्यामुळे कळलं ते मुंबईतच होते. पवईच्या आयआयटीत जीसीसीसाठी एक केंद्र होतं आणि प्राध्यापक उदय खेडकर तिथून कार्यशाळा चालवत. त्यांचं शिकवण्याचं साहित्य कोणालाही वाचायला खुलं होतं. मी ते प्रभात रोडवरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत रात्री बसून वाचलं. कंपायलरला मी तोवर गिरणी समजत होतो, वरून धान्य घातलं की खालून पीठ. ते वाचून कळलं, की आत शंभर हात फिरतात आणि त्यातला कोणताही चुकू शकतो.

चुकू शकतो, यावरून आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगावी की नाही यावर मी आठवडाभर विचार केला. संयोजकांना ती ठाऊक नाही.

२०१५ चीच गोष्ट. मी पुण्यात एका लहान कंपनीत होतो. आम्ही शीतगृहांसाठी एक डबा बनवत होतो, तपमान दर मिनिटाला नोंदवून मेमरी कार्डावर ठेवणारा. आत एआरएमचा छोटा बोर्ड आणि लिनक्स, ३.१८. बोर्ड विकणाऱ्याने सोबत कंपायलर दिला होता, जीसीसी ४.८.१, आणि बजावलं होतं की हाच वापरा. मी बिल्ड लावलं आणि ते थांबलं. पण या वेळी तक्रार कंपायलरची नव्हती. कर्नल लिहिणाऱ्यांनीच तिथे मुद्दाम एक अडथळा घालून ठेवला होता, आणि त्यावर साध्या इंग्रजीत लिहिलं होतं: तुमचा कंपायलर सदोष आहे, तो चुकीचा कर्नल बनवतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि त्याने फाईलव्यवस्था बिघडते.

मला तोवर दोन आठवडे "ही फाईल नाही", "ती व्याख्या दोनदा" अशा तक्रारींची सवय झाली होती. त्या सगळ्या कशा ना कशा मिटवायच्या असतात, हे डोक्यात पक्कं बसलेलं. माल तीन दिवसांनी द्यायचा होता. मी त्या दोन ओळींपुढे दोन-दोन तिरक्या रेघा मारल्या. तिरक्या रेघा मारल्या की ती ओळ कंपायलरला दिसत नाही. बिल्ड झालं. टेबलावर डबा छान चालला.

कंपायलरमधला तो दोष काय होता, ते सांगतो. प्रोग्रामचा एखादा तुकडा काम करताना मेमरीत तात्पुरती जागा घेतो आणि संपताना सोडतो. सोडण्याआधी तिथलं आपलं सामान उचलायचं असतं. ४.८ चे पहिले तीन अंक एआरएमवर कधीकधी हा क्रम उलटा करायचे, आधी जागा सोडायचे, मग सामान उचलायचे. एसटीत सीटवर पिशवी ठेवून तुम्ही आधी उठलात, वाटेत उभे राहिलात आणि मग हात लांबवून पिशवी घेतलीत, तर शंभरातल्या नव्याण्णव वेळा पिशवी मिळते. शंभराव्या वेळी त्याच क्षणाला दुसरा माणूस बसतो. यंत्रात तो दुसरा माणूस म्हणजे इंटरप्ट, म्हणजे घड्याळाचा ठोका किंवा नेटवर्कवरून आलेली हाक. तो नेमका त्या क्षणात आला की तुमच्या पिशवीच्या जागी त्याचं सामान. ते सामान कर्नल कार्डावर लिहून टाकतो. जीसीसीच्या नोंदवहीत हा दोष ५८८५४ क्रमांकाने नोंदलेला आहे, ४.८.३ मध्ये दुरुस्त झाला, आणि कर्नलमधला तो अडथळा ऑक्टोबर २०१४ मध्ये एआरएमचे त्या वेळचे प्रमुख रसेल किंग यांनी घातला. मी हे तेव्हा वाचलं नाही. वाचायला दहा मिनिटं लागतात.

चौदा डबे गेले. त्यातला एक आपल्याच किनारपट्टीवरच्या एका मासळीच्या शीतगृहात. कुठल्या ते विचारू नका. मासेमारीची बंदी उठली, हंगाम सुरू झाला आणि सप्टेंबरमध्ये त्या डब्याचं कार्ड बिघडलं, आठ दिवसांच्या नोंदी गेल्या. नवं कार्ड घातलं, तेही गेलं. आम्ही पुण्यात बसून निदान केलं: खारी हवा. ते कोणालाही पटण्यासारखं होतं, मलाही पटलं. मी स्वतः किनाऱ्यावरचा, हवेने लोखंडाचं काय होतं ते मला माहीत. आमच्याकडून असंही कळवलं गेलं, की डबा नीट बंद न करता वीज तोडली तर कार्ड बिघडू शकतं, रात्रपाळीच्या माणसाला ताकीद द्या. ते पत्र मी लिहिलं होतं.

ऑक्टोबरात तो डबा परत आला. मी तो टेबलावर चालू करून ठेवला. पुण्याची कोरडी हवा, वीज अखंड, कोणाचा हात नाही. सहाव्या दिवशी कार्ड गेलं.

त्या संध्याकाळी मी आमचा कर्नल आणि मूळ कर्नल शेजारी शेजारी ठेवून दोघांत काय काय वेगळं आहे ते काढलं. आमचे बदल पन्नासेक असतील. वर्णक्रमाने लावलेल्या यादीत हा अगदी सुरुवातीला होता. दोन ओळी, चार तिरक्या रेघा. मग मी ते वाक्य पहिल्यांदा नीट वाचलं. फाईलव्यवस्था बिघडते, असं त्यात लिहिलेलंच होतं.

कंपायलर बदलून ४.९ घेतला, रेघा पुसल्या, सगळ्या डब्यांना नवा कर्नल दिला. पुन्हा एकही कार्ड गेलं नाही. कामाच्या नोंदीत मी लिहिलं, "कर्नल अद्ययावत केला." वरिष्ठांना खरं सांगायला मला तीन आठवडे लागले. ते चिडले, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी.

दिवाळीला घरी आलो तेव्हा त्या शीतगृहात गेलो. मालकांना आधी भेटलो. त्यांच्याकडून कळलं, की दोन कार्डांचे पैसे रात्रपाळीच्या माणसाच्या पगारातून कापले होते. माझ्या पत्रावरून. मी म्हटलं, चूक आमची होती, माझी होती, त्याने बटणाला हात लावलेला नव्हता. मालक भले गृहस्थ, त्यांनी त्याला तिथेच बोलावलं आणि माझ्यासमोर पैसे परत दिले. तो माणूस आपल्या वडिलांच्या वयाचा. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मी सांगत होतंय तेंका, बटन मी बंद करूक नाय." दोन महिने तो हे सांगत होता आणि डब्यावर विश्वास होता सगळ्यांचा.

मी त्याला बिल्ड काय ते सांगायला गेलो नाही. हात जोडले आणि निघालो.

तेव्हापासून मी एक करतो. बिल्ड मोडलं की शेवटची ओळ बघत नाही, वर सरकत पहिल्या तक्रारीपर्यंत जातो, कारण खालच्या बहुतेक तक्रारी पहिलीच्या पिल्लावळी असतात. मग ठरवतो, ही कोणत्या जातीची आहे. अभ्यासक्रमाचं भांडण असेल तर शिक्का मारून मिटतं. पण जिथे माणसाने माणसासाठी वाक्य लिहून ठेवलंय, तिथे हात बाजूला घेतो आणि ते कोणी, कधी, का लिहिलं ते शोधून काढतो. माझ्या हाताखालच्या पोरांना हे विचित्र वाटतं. त्यांना मी शीतगृहाची गोष्ट सांगत नाही. आज पहिल्यांदा सांगितली, ती तुम्हाला.

उद्या सकाळी नऊ वाजता मी पुन्हा संगणक कक्षात जाणार आहे. जुलैतली ती मुलं येणार आहेत, सरांनी परवानगी दिली आहे. या वेळी मी उपअंक नवा आणला आहे, पण मुलांच्या आधी मीच "व्ही=१" लावून सगळ्या ओळी बघणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी जरूर या. प्रिंटर आणू नका.

खालच्या वर्गातून सोलकढीचा वास यायला लागला आहे आणि मागच्या बाकांवर चुळबूळ सुरू झाली आहे, ती पंचवीस वर्षांत बदललेली नाही. काही विचारायचं असेल तर पंगतीत विचारा.